अँडीजमध्ये हळदीकुंकू

"ही मुलगी बोलते ना?"

प्रश्न कल्याणच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी विचारला. मला नाही, शेजारी बसलेल्या गोडबोलेकाकूंना. तोंडात आंब्याच्या डाळीचा घास होता, त्यामुळे आपण हळू विचारलं असं त्यांना वाटलं असावं. काकूंनी पन्ह्याचा घोट घेतला, माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलते हो. इंग्रजीत बोलते म्हणतात. आम्ही कुणी ऐकलेलं नाही."

मी त्या वेळी अँडीज पर्वताच्या शेजारी उभी होते. हातात वेताची छडी होती आणि घशात पाठ केलेली एकवीस वाक्यं होती. (ती पुढे बराच वेळ तिथेच राहिली.)

अँडीज पर्वत दक्षिण अमेरिकेत आहे, हे मला मान्य आहे. त्या वर्षीच्या चैत्रात मात्र तो डोंबिवलीत होता. आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून कपाटापर्यंत. त्याला जबाबदार मीच.

मी ठाण्याच्या कॉन्व्हेंटात शिकले. तिथल्या एका सिस्टरने आम्हा मुलींना परदेशातल्या मुलींचे पत्ते वाटले, त्यात माझ्या वाट्याला रोसा आली. रोसा अँडीजमधल्या एका एवढ्याशा गावात राहायची. तिचंही इंग्रजी बेताचं, माझंही बेताचं, म्हणून मैत्री टिकली. शिवाय पत्रात समोर कुणी बसलेलं नसतं, त्यामुळे रोसाशी मी भरपूर बोलायचे. कॉलेज संपून बी.ए. झाले तरी आमची पत्रं चालूच होती.

एका पत्रात तिने तिच्या गावाचा फोटो पाठवला. उभा कडा, खाली नदी, एका बाजूला धबधबा, पत्र्याच्या छपरांची घरं, आणि कड्याच्या अंगावरून चाललेली आगगाडी. तिने लिहिलं होतं की चढ इतका उभा आहे की गाडीला वळायला जागाच नाही. म्हणून ती थोडी पुढे जाते, थांबते, मग उलटी चढते, पुन्हा थांबते, पुन्हा सरळ चढते. स्टेशन गावाच्या भर रस्त्यात आहे आणि गाडी आली की लोक पावाच्या टोपल्या घेऊन धावतात.

हे पत्र मी जेवताना अप्पांना वाचून दाखवलं. ही माझी पहिली चूक. अप्पा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या ऑफिसात नकाशे काढायचे. ते जेवायचे थांबले. आमटी गार झाली. मग ते म्हणाले, "खंडाळ्याच्या घाटात पूर्वी अशीच उलटी चढवायचे गाडी," आणि उष्ट्या हाताने ताटातल्या भातावर घाट काढून दाखवला. आईने ताट उचललं तेव्हा त्यांनी तो घाट हलवू नकोस असं सांगितलं.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. पण चैत्र जवळ आला होता.

चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे आमच्या आळीत काय असतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. गौर पितळेच्या झोपाळ्यात बसते, तिच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास असते, बायका येतात, डाळ खातात, पन्हं पितात, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओटी भरून घेतात आणि आरास कुणाची चांगली हे जिना उतरताना ठरवतात. आदल्या वर्षी गोडबोलेकाकूंनी खरं पाणी भरलेलं तळं केलं होतं आणि त्यात चावीचं बदक सोडलं होतं. ते बदक आईच्या मनाला फार लागलं होतं.

"बदकाला आगगाडीने उत्तर देऊ," अप्पा म्हणाले.

मोठ्या बाई यात कशा आल्या, तेही सांगते. त्यांच्या शाळेत एक जागा रिकामी होती आणि मी अर्ज केला होता. त्यांनी मला बोलावलं, नऊ प्रश्न विचारले, आणि मी नऊ वेळा मान हलवली. नंतर त्यांनी अप्पांना बोलावून सांगितलं की गुण उत्तम आहेत, पण मान हलवून वर्ग चालत नाही, आणि मुलीचा आवाज एकदा ऐकायला मिळाला तर बरं. अप्पांनी जागच्या जागी आमंत्रण दिलं. म्हणाले, हळदीकुंकवाला या, मुलगी पन्नास बायकांपुढे अँडीजच्या रेल्वेची माहिती सांगणार आहे. (मला हे दोन दिवसांनी कळलं.)

नोकरी लागली तर दोन वर्षं कुणी लग्नाचं नाव काढणार नाही, असं आईने कबूल केलं होतं. नाही लागली, तर आत्याने सुचवलेलं भुसावळचं स्थळ. त्या मुलाला बायको कमी बोलणारी हवी होती. आत्याच्या मते मी त्याच्यासाठीच जन्मले होते.

तर अँडीज उभा राहू लागला. घरातल्या दोन ट्रंका, चार पाट, एक मोडकी खुर्ची आणि वरून गोणपाट. गोणपाटावर आठ दिवस आधी हळीव पेरून, रोज पाणी शिंपडून, हिरवंगार गवत आणलं होतं. शिखरावर वातींच्या कापसाचा बर्फ. काड्यापेट्यांची घरं, त्यांना चहाच्या पेटीतल्या चांदीच्या कागदाची छपरं. रोसाच्या गावात लामा नावाचे प्राणी असतात. आमच्याकडे पोळ्याचे मातीचे बैल होते. अप्पांनी त्यांना कणकेच्या लांब माना लावल्या. फोटोत एक चर्चही होतं, तेही खोक्याचं झालं. आईने जाता जाता त्याला हळदीकुंकू वाहिलं, कारण देऊळ ते देऊळ.

गौर कुठे बसवायची यावर मात्र वाद झाला. अप्पांना ती खाली, स्टेशनाजवळ हवी होती. आई म्हणाली, "गौर पायथ्याशी आणि तुमचं गाव डोक्यावर? जमणार नाही." शेवटी गौर झोपाळ्यासकट शिखरावर, बर्फात बसली. झोपाळ्याचं टोक भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीपासून चार बोटं खाली आलं. ही चार बोटं लक्षात ठेवावीत.

आता पोत्याचं. अप्पांच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी गावाहून हरभरे आले होते. अर्धं पोतं! आईने ओटीपुरते काढून भिजत घातले आणि उरलेलं पोतं बाहेरच्या खोलीत तसंच पडलं. आदल्या दिवशी संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते पोतं हलवा हो तिथून. उद्या बायका बसायच्या कुठे?"

अप्पा त्या वेळी अँडीजकडे चिंतेने पाहत होते. दोन ट्रंकांच्या मधे खड्डा पडत होता आणि वरची खुर्ची डुगडुगत होती. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं. पोत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. (माझ्यासमोर ओठांवर बोट ठेवणारा माणूस जगात दुसरा नसेल.) दोन मिनिटांत पोतं खड्ड्यात गेलं, वर गोणपाट आलं, खुर्ची स्थिर झाली.

"हलवलं," अप्पांनी आत ओरडून सांगितलं. खोटं तर काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यांना धबधबा आठवला. त्यांनी रॉकेलच्या रिकाम्या डब्याला तळाशी नळी बसवली, डबा खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवला आणि नळी गोणपाटाखालून कड्यावर आणली. खाली परात ठेवली. विहिरीवरून पाणी आणून डबा भरला. कड्यावरून सुतासारखी धार आली आणि आम्ही दोघं फार खूश झालो. डबा रिकामा झाला. परातीत पाणी होतं दोन पळ्या.

अप्पांनी दुसरा डबा ओतला. मग तिसरा. आईने सांगून पाहिलं की विहिरीचं पाणी माणसांसाठी असतं, पर्वतांसाठी नाही. परातीत अजूनही एक फुलपात्रभरच.

"उन्हाळा आहे," अप्पा म्हणाले. "पाणी उडतं."

मी जमिनीकडे पाहिलं. फरशी कोरडी होती. तीन डबे पाणी पर्वतात गेलं होतं आणि बाहेर आलं नव्हतं, आणि आत काय आहे हे मला माहीत होतं. कोरडे हरभरे पाण्यात दुप्पट होतात हे डोंबिवलीतल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. मलासुद्धा. मी सांगायला तोंड उघडलं. अप्पांना वाटलं संध्याकाळच्या भाषणासाठी घसा तयार करतेय. त्यांनी माझ्या तोंडात खडीसाखर घातली.

ती विरघळेपर्यंत सांगायची हिंमतही विरघळली.

साडेतीन वाजता अप्पा आईला म्हणाले, "मी कळव्याला मित्राकडे जाऊन येतो." आमच्याकडे हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुष घरात थांबत नाहीत, त्यामुळे आईला ते योग्यच वाटलं. ते दारातून बाहेर गेले आणि मागच्या दाराने आत आले. पर्वताच्या मागे आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडदा आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस उभा राहील इतकी जागा. अप्पा तिथे तांब्याभर पाणी घेऊन शिरले. गाडी यंत्रावर चालते असं आईला सांगितलं होतं. यंत्र म्हणजे तीन काळे दोरे आणि अप्पा. माझं चौथं वाक्य "आता गाडी निघते", की पहिला दोरा. नववं वाक्य "इथे गाडी थांबते आणि उलटी चढू लागते", की दुसरा. त्यांना पडद्यामागून काही दिसणार नव्हतं. सगळं माझ्या आवाजावर होतं.

म्हणजे पडद्याच्या अलीकडे दोन गोष्टी फक्त मला माहीत होत्या. पोतं आणि अप्पा.

चारपासून बायका येऊ लागल्या. अँडीज बघून त्या खरोखर थक्क झाल्या. एक आजी कणकेच्या लामाला निरखून म्हणाल्या, "ही शेळी का उंट?" दुसरीने मानेवरून उंट ठरवला. आई घाईघाईत म्हणाली, "तिकडची गाय आहे ती," आणि सगळ्यांनी तिला नमस्कार केला. गोडबोलेकाकू बराच वेळ पाहत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या की पाणी कमी दिसतंय, आमच्या तळ्यात घागरभर होतं.

पाचला मोठ्या बाई आल्या. त्यांना पुढे बसवलं. डाळ दिली, पन्हं दिलं. मग आईने माझ्याकडे पाहिलं, आणि खोलीतल्या पन्नास बायकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यातल्या एकीशीही पत्रातून बोलायची सोय नव्हती.

"दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा मोठा पर्वत आहे," मी म्हणाले. म्हणजे मला वाटलं मी म्हणाले. प्रत्यक्षात ओठ हलले, एवढंच. त्यानंतर मोठ्या बाईंनी तो सुरुवातीला सांगितलेला प्रश्न विचारला आणि काकूंनी ते उत्तर दिलं.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा ओठ. पर्वतामागे अप्पा कान लावून उभे होते. वाट पाहून पाहून ते मला सूचना म्हणून एकदा खाकरले.

पर्वत खाकरला! बायका गप्प झाल्या.

"उंदीर असेल," काकू म्हणाल्या.

"एवढा?" आजींनी विचारलं.

पर्वतही गप्प झाला. पण अप्पांचा धीर संपला होता. मी बोलून गेले असेन आणि आपल्यालाच ऐकू आलं नसेल, असं समजून त्यांनी पहिला दोरा ओढला. गाडी निघाली! टिनचं इंजिन, मागे काड्यापेट्यांचे चार डबे. बायकांमध्ये कौतुकाची लाट आली. गाडी पहिला टप्पा चढली, दुसऱ्याच्या तोंडाशी आली आणि थबकली. सकाळी जिथे सपाट रूळ होता, तिथे आता टेंगूळ होतं. अप्पांनी जोर केला. गाडी टेंगळावर चढली, क्षणभर विचारात पडली आणि उलटी फिरून थेट परातीत गेली.

"उलटी चालते म्हणे तिकडे," आई म्हणाली. तिने हे एवढं बरोबर सांगितलं की बायकांनी टाळ्या वाजवल्या.

मी मात्र आजोबांकडे पाहत होते. चार बोटांचं अंतर आता एक बोटही नव्हतं. गौर वर चालली होती. कुणाच्या लक्षात येणार नाही इतकी हळू, घड्याळाच्या काट्यासारखी. थोड्या वेळाने झोपाळ्याचं टोक तसबिरीच्या चौकटीला टेकलं. मग आजोबा तिरके होऊ लागले. ते जन्मभर ताठ मानेचे म्हणून प्रसिद्ध होते.

पर्वताच्या आतून कर्र कर्र असा आवाज येऊ लागला. एक घर घसरलं. मग चर्च. शिखरावरचा बर्फ सुटला आणि मोठ्या बाईंच्या पन्ह्यात पडला. मी हे सगळं पाहत होते. माझं निरीक्षण चांगलं आहे असं कॉन्व्हेंटातल्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी लिहिलेलं असायचं. त्यापुढे "पण" असायचं.

आई काकूंची ओटी भरायला पुढे झाली. काकूंनी पदर पसरला, आणि हरभऱ्यांच्या आधी त्यात लामा पडला.

काकूंनी तो बाजूला ठेवला, मान वर केली आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. "इंदूताई," त्या आईला म्हणाल्या, "रागावू नका, पण मी आले तेव्हा तुमची गौर माझ्या नजरेसमोर होती. आता मला मान वर करावी लागतेय."

सगळ्यांनी पाहिलं. आजोबा पंचेचाळीस अंशांत होते. गौर झोपाळ्यात लटपटत होती. गौर पडणं म्हणजे काय, हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला कळत होतं.

तेवढ्यात अँडीज पर्वत बोलला. फुगलेल्या पोत्याने मागची ट्रंक सरकवली होती आणि अप्पा ट्रंक आणि भिंत यांच्यामध्ये चेपले गेले होते. ते दबक्या, काकुळतीच्या, पण स्पष्ट पुरुषी आवाजात म्हणाले, "कुमे, तुझं कितवं वाक्य चाललंय?"

पन्नास बायकांनी एकाच वेळी पदर सावरला. आईचा चेहरा बर्फाच्या कापसासारखा झाला, कारण तो आवाज या वेळी कळव्याला असायला हवा होता.

मोठ्या बाईंनी पन्ह्याचा पेला खाली ठेवला. चष्मा नीट केला. आणि वर्गात विचारतात तसं, शांतपणे विचारलं, "मुली, इथे काय चाललंय, हे तुला सांगता येईल का?"

यानंतरचं सगळं मी आधीच सांगून टाकते, कारण शेवट मला माझ्या वाक्यावर करायचा आहे. एवढं मोठं वाक्य मी रोज बोलत नाही.

मी बोलले, आणि बोलता बोलता पुढे होऊन गौर झोपाळ्यासकट उचलली. ती माझ्या हातात आली त्याच क्षणी खाली पोतं टर्रकन उसवलं आणि हळिवाच्या गवतातून टपोरे हरभरे गडगडत थेट बायकांच्या पुढ्यात आले. कुणी घाबरलं नाही. आजींनी एक उचलून नखाने दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "छान भिजलेत. आतपर्यंत." मग सगळ्यांनी पदर पसरले. अप्पा लुगड्याचा पडदा डोक्यावरून घेऊन बाहेर आले, जमलेल्या मंडळींना नमस्कार केला आणि खरोखरच कळव्याला निघून गेले. आई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. आम्ही त्या आठवड्यात हरभऱ्यांची उसळ, हरभऱ्यांचं कालवण आणि हरभऱ्यांची भजी खाल्ली. रोसाला मी सगळं कळवलं. तिने लिहिलं की पावसाळ्यात त्यांच्याकडचाही डोंगर असाच गावात येतो आणि गाडी बंद पडते, तेव्हा देखावा अगदी हुबेहूब झाला असणार.

मोठ्या बाई सगळ्यांच्या शेवटी उठल्या. त्यांच्या पदरात ओंजळभर अँडीज होता. दारात थांबून त्या मला म्हणाल्या की सोमवारपासून ये, सातवीला भूगोलाला कुणी नाही. भुसावळच्या मुलाला आत्याने कळवलं की मुलगी बोलते.

त्याला आता चार वर्षं झाली. माझा वर्ग फार गडबड करतो, कारण बाई ओरडत नाहीत हे मुलींना पहिल्याच दिवशी कळलंय. पण दक्षिण अमेरिकेचा धडा आला की त्या गप्प बसतात. त्यांना माझं ते वाक्य ऐकायचं असतं. डोंबिवलीहून येणाऱ्या मुलींनी ते शाळाभर केलंय. त्या दिवशी छडी सरळ धरून, मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाहून, आयुष्यात पहिल्यांदा अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले:

"अँडीज हा तरुण पर्वत आहे, तो अजून वाढतो आहे, त्याच्या पोटात अर्धं पोतं हरभरे आहेत, आणि पाठीमागे माझे वडील आहेत."